व्हर्मीरची नक्कल करतेय, गालाची सावली मातकट होतेय

शाहूपुरीकर, सातारा:
नोकरी सांभाळून रात्री चित्र काढते. तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकायचं म्हणून सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ हे चित्र नकलेला घेतलं. मूळ चित्र ४४.५ बाय ३९ सेंटीमीटर, माझा कॅनव्हासही तेवढाच. रेखाटन जमलंय. पण त्वचेच्या रंगात काळा मिसळून सावली केली की गाल मातकट दिसतो. त्यात पाऊस, रंग वाळतच नाही. जाणकारांनी सांगावं.

कृष्णाकाठ, सांगली:
ताई, त्वचेचा रंग सध्या बाजूलाच ठेवा. आधी अख्खा चेहरा एकट्या बर्न्ट अंबरमध्ये, म्हणजे गडद तपकिरी मातीरंगात, टर्पेंटाइनने पातळ करून उभा करा. उजेड हवा तिथे रंग फडक्याने पुसून काढा. हा चेहरा लांबून पाहिल्यावर गोल दिसला, तरच पुढे जा. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. पावसाळ्यात याचा मोठा आधार.

मग वर त्वचेचे रंग चढवा, पण सावलीत अगदी पातळ. खालचा तपकिरी तिथे दिसलाच पाहिजे. जाड रंग फक्त उजेडात. या चित्राची २०१८ साली हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात यंत्रांनी तपासणी झाली, तेव्हा व्हर्मीरनेही खाली तपकिरी आणि काळ्या छटांत चित्र मांडून घेतल्याचं दिसलं. तुम्ही वरचा रंग उतरवून घेताय. त्याने कोणत्या क्रमाने थर दिले ते शिका. नक्कल करायची ती त्यासाठीच!

आणि नाक नीट बघा. नाकाचा दांडा आणि त्यालगतचा गाल यांच्यात रेषच नाही, दोन्ही एकाच उजेडात मिसळलेत. डुलाला अडकवायची कडीसुद्धा नाही, पांढऱ्याचे मोजके फटकारे आहेत. आपला हात सवयीने रेष ओढतो, तो तिथे आवरा.

यमाईचा डोंगर:
काळा मात्र वर्ज्य करू नका. स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न आयव्हरी ब्लॅक (काळा), यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि पांढरा एवढ्यावर चेहरे रंगवायचा. काळा पांढऱ्यात गेला की निळसर करडा होतो आणि पिवळ्यात गेला की हिरवट. ते ओळखून शेजारी तांबूस छटा ठेवली की मातकटपणा जातो.

साताऱ्यात आहात तर औंधला जाच. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. छापील चित्रात रंग सगळीकडे सपाट दिसतो. कुठे जाड, कुठे पातळ हे मूळ चित्रासमोर बाजूला सरकून पाहिलं तरच कळतं.

शाहूपुरीकर:
दोघांचे आभार. अंबरपासून नव्याने सुरू करते. कॅनव्हास वाळायला कपाटात ठेवत होते, ते चालेल का? आणि फेट्याच्या निळ्याचं काय?

कृष्णाकाठ, सांगली:
कपाटात नको. तैलरंग पाण्यासारखा उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. वारा आणि उजेड येतो तिथे, भिंतीपासून थोडा लांब ठेवा. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त असू द्या, म्हणजे तडे जाणार नाहीत.

व्हर्मीरने निळ्यासाठी खरा लाजवर्द, म्हणजे निळा मौल्यवान दगड कुटून केलेला रंग वापरला, तो आपल्या आवाक्यातला नाही. ट्यूबमधला फ्रेंच अल्ट्रामरीन, म्हणजे त्याच निळ्याचा कृत्रिम रंग घ्या. आधी फिकट निळा भरून वाळू द्या, मग सावल्यांवर तोच रंग तेलात पातळ करून पारदर्शक चढवा. पूर्ण झाल्यावर मागच्या बाजूला ‘व्हर्मीरवरून नक्कल’ आणि साल लिहा. अंबरचा चेहरा झाला की फोटो इथे टाका.