द्राक्षाचा ग्रुप स्पॅमनं भरलाय, चांगली माणसं न घालवता साफ कसा करायचा?

सुपर_सोनाका_तासगाव
राम राम मंडळी. तासगाव, कवठेमहांकाळ आणि मिरज पूर्व भागातल्या द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी आणि दोघं मित्र चालवतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की संध्याकाळी कुणीतरी पानाचा फोटो टाकतो, "ही डाऊनीच का?" (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग.) रात्री झोपायच्या आत दोघं-चौघं जाणकार उत्तर देतात. फुलोऱ्यात एक फवारणी चुकली तर घड जातात, म्हणून हा ग्रुप टिकायला हवा. १०२४ सदस्यांची मर्यादा भरत आलीय.

पण गेल्या हंगामापासून लिंकवरून कोणीही आत येतंय. शेअर बाजाराच्या टिप्स, घरबसल्या काम, 'पीएम किसान यादी' नावाची एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी), आणि डीपीला द्राक्षाचा फोटो लावून "एक्स्पोर्टला माल पाहिजे, रोख पैसे" म्हणणारे नंबर. जाणकार म्यूट करून बसलेत, काही निघून गेले.

स्पॅम थांबला पाहिजे, पण अर्धा एकरवाल्यालाही विचारता आलं पाहिजे. खर्च महिन्याला पाचशेच्या आत, तो आमच्याच खिशातून जातो. आणि आम्ही दिवसा बागेत असतो, मोबाईल धरून बसणं जमत नाही. कुणी काय केलंय ते सांगा.

पलूस_बागायतदार
सरळ स्वतःचं ॲप करून घ्या. आमच्या गटानं पुण्याच्या एका पोराकडून करून घेतलं, साठ हजारात. लॉगिन, हवामान, बाजारभाव सगळं एका जागी. आख्ख्या जिल्ह्यात असं दुसरं नाही.

सुपर_सोनाका_तासगाव
दादा, पाचशे लिहिलंय.

पलूस_बागायतदार
माणसी वाटून घेतलं तर काहीच पडत नाही हो. चांगल्या कामाला पैसे घालायला लागतात.

आटपाडीचं_डाळिंब
पलूसकर, तुमचं ॲप लोक रोज उघडतात का?

पलूस_बागायतदार
भाव बघायला उघडतात.

सांगलीवाडी_घाट
'फक्त ॲडमिन मेसेज करू शकतात' ही सेटिंग लावा आणि मोकळे व्हा. २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे विचार करा. त्या रात्री आमच्या ग्रुपवर जुने व्हिडिओ, कोयनेच्या अफवा, कुठलेही आकडे. घर सोडायचं की थांबायचं हेच म्हाताऱ्या माणसांना कळेना. तेव्हापासून आम्ही तिघंच लिहितो, जलसंपदा विभागाचा आकडा आला की टाकतो. एक स्पॅम नाही.

सुपर_सोनाका_तासगाव
तुमचं काम मोलाचं आहे, पण आमच्यात ज्याच्या पानावर डाग दिसला त्यानंच बोलायचं असतं. त्याचंच तोंड बंद केलं तर ग्रुप कशाला?

वाळवा_खोडवा
ॲडमिन व्हायच्या भानगडीतच पडू नका. कुणी काय वाईट टाकलं तर केस ॲडमिनवर होते. आमच्या शेजारच्या गावात झालंय.

कोर्टरोड_सांगली
असं सरसकट नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की, सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर तो जबाबदार नाही. मात्र २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्यामुळे दिसला की काढा.

वाळवा_खोडवा
स्टेशनला बोलावल्यावर निकालाचा कागद दाखवत बसायचं का? दिवस मोडला तो मोडलाच.

कोर्टरोड_सांगली
दिवस मोडतो म्हणून लोकांनी एकत्र यायचंच नाही का?

मिरजकर_तंबोरा
टेलिग्राम. दोन लाख सदस्य बसतात, नंबर लपवता येतो, बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. आमच्या वाद्यप्रेमींच्या ग्रुपवर नवीन माणूस आला की बॉट त्याला एक बटण दाबायला लावतो, नाही दाबलं तर बाहेर. मी स्वतः बसवलंय. देशभरातले वादक आहेत आमच्याकडे.

आटपाडीचं_डाळिंब
आमच्याकडं टेलिग्राम म्हंजी पिच्चर. सत्तरीतलं माणूस तिथं येणार न्हाई. आन् खरं ज्ञान त्येच्याकडंच हाय.

बेदाणा_सौदा
तासगावच्या सौद्याला कोण गेलं होतं का? हिरव्या मालाला काय दर निघाला?

आटपाडीचं_डाळिंब
दराचा धागा वेगळा हाय मालक.

दहिवडीची_ताई
मी माण तालुक्यातल्या बचत गटांचा ग्रुप बघते. आधी जुनी लिंक रीसेट करा, म्हणजे कुठं कुठं पसरलेली लिंक मेली. मग 'नवीन सदस्यांना ॲडमिनची मंजुरी' चालू करा. मंजुरी द्यायच्या आधी मी एक आवाजी मेसेज मागते: गाव कोणतं, गटाचं नाव काय, ग्रुपमधलं कोण ओळखतं. खरी बाई तीन वाक्यांत सांगून मोकळी होते, खोटा नंबर परत येतच नाही. तुम्ही वाण कोणतं आणि छाटणी कधी झाली ते विचारा. रात्री एकदाच बसायचं, दिवसभर बघायची गरज नाही. एक पैसा लागत नाही.

शेततळं_कवठेमहांकाळ
ताईंचं बरोबर, पण तेवढ्यानं भागत नाही. आमच्याकडे एपीके आली ती मामाच्या नंबरवरून, 'लग्नपत्रिका' नावानं. मामाचा फोन आधीच हॅक झालेला होता, ते त्यांना माहीतही नव्हतं. चुलतभावानं पत्रिका म्हणून उघडली, ॲपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली, ओटीपी तिकडं पोचला आणि खात्यातून पैसे गेले. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला म्हणून काही रक्कम वाटेत थांबली. दुसऱ्या दिवशी लावला असता तर तीही गेली असती.

त्यामुळे ओळखीचा नंबर आहे म्हणून फाईल उघडायची नाही. लग्नपत्रिका किंवा सरकारी यादी कधी एपीकेमध्ये नसते. फोनमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' ही परवानगी बंद ठेवा, व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. आणि ग्रुपचं नाव-फोटो बदलायचा हक्क फक्त ॲडमिनकडे ठेवा. मामाच्या नंबरवरून एका ग्रुपचं नाव बदलून बँकेचं केलं होतं.

वाळवा_खोडवा
माझं ऐका, लिंक बंद करा. मूळ तिथंच आहे.

दहिवडीची_ताई
दादा, तेच लिहिलंय वर.

कोर्टरोड_सांगली
पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद कॉल किंवा मेसेज असेल, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू'त नोंदवा. मार्च २०२४ पासून ती सोय आहे. पैसे गेले तर मात्र थेट १९३०.

माणिकचमन_सावळज
व्यापाऱ्यांबद्दल कुणीच बोलत नाही. एपीकेनं एका माणसाचं खातं रिकामं होतं, खोटा व्यापारी आख्खी बाग नेतो. दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, विश्वास बसला की उरलेला माल उधारीवर, आणि नंतर फोन बंद. आमच्या गल्लीत त्या धक्क्यातून एक घर अजून सावरलं नाही. ग्रुपवर खरेदीची जाहिरातच नको, कुणाचीही.

आणि "डाऊनीची शंभर टक्के गॅरंटी" म्हणून बिनलेबलची औषधं विकणारे, ते पण स्पॅमच आहेत. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची लेबल क्लेम औषधांची, म्हणजे द्राक्षावर वापरायला अधिकृत मान्यता असलेल्या औषधांची यादी असते, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची तेही त्यात असतं. ती यादी ग्रुपच्या माहितीत टाकून ठेवा. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त तीस दिवस राहतो, माहितीतला मजकूर कायम राहतो.

पलूस_बागायतदार
आमच्या ॲपवर व्यापारी येऊच शकत नाहीत.

सुपर_सोनाका_तासगाव
सगळ्यांचे आभार. तिघं मित्र बसलो, ठरलं. ॲप नको, टेलिग्राम नको, 'फक्त ॲडमिन' तर नकोच. मोठा ग्रुप बंद करतोय.

सावळज, मणेराजुरी, आरग-बेडग, घाटनांद्रे असे भागवार लहान ग्रुप करणार, शे-दीडशेचे. हजारात कोण कोणाला ओळखत नाही, दीडशेत नाव वाचलं की बाग डोळ्यासमोर येते. प्रत्येक ठिकाणी तिथलीच दोन माणसं ॲडमिन, लिंक कुठंच नाही, मंजुरी ताईंच्या पद्धतीनं. खरेदीच्या जाहिराती बंद.

सांगलीवाडी_घाट
चूक करताय. जमलेली हजार माणसं परत जमत नाहीत.

मिरजकर_तंबोरा
मलाही नाही पटलं. चार जाणकार आठ ठिकाणी वाटले जाणार, मग उत्तर कोण देणार?

माणिकचमन_सावळज
हजाराचा ग्रुप ही ताकद होती. औषधवाले दबकून होते त्याला.

सुपर_सोनाका_तासगाव
जाणकारांना विचारलंय. चौघं सगळ्या ग्रुपमध्ये राहायला तयार आहेत, फक्त जाहिराती नसल्या पाहिजेत एवढीच त्यांची अट. माणसं कमी होतील हे मान्य आहे. पण निघून गेलेल्या दोघांना फोन केला, लहान ग्रुप असेल तर येतो म्हणाले. मला ते दोघं हवेत.

एप्रिलची खरड छाटणी उरकली की काम सुरू. घाटनांद्रे भागात एकच ॲडमिन मिळालाय. तिकडचं कुणी असेल, रात्री अर्धा तास देऊ शकत असेल, तर निरोप पाठवा.