पन्नाशीनंतर पदवी पूर्ण करावी का?

प्रश्न : माझे वय 54, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर. लग्नामुळे अर्धवट राहिलेली पदवी आता, सुनेने स्वयंपाकघर हाती घेतल्यावर, पूर्ण करावीशी वाटते. पण पांढऱ्या केसांनी परीक्षेला बसण्याचा संकोच वाटतो.

उत्तर : ताई, शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात चौकशी करा. मी 58व्या वर्षी पहिल्या पेपरला वर्गात शिरले, तेव्हा मला पर्यवेक्षिका समजून मुले उठून उभी राहिली (मीही क्षणभर तोरा मिरवला), आणि नंतर त्यांनीच मला नोट्स पुरवल्या.

उत्तर : केसांपेक्षा हाडांकडे पाहा. रजोनिवृत्तीनंतर (पाळी कायमची थांबल्यावर) इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याने हाडे झपाट्याने विरळ होतात, म्हणून मी पहाटे रंकाळा तलावाला फेरी मारते आणि घरी वजनेही उचलते.

प्रश्नकर्ती : अर्ज भरायला घेतला आहे. जुन्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आहे, त्याचे काय करावे?

उत्तर : विवाह नोंदणीचा दाखला सोबत न्या.