मोठे काका, ऑलिंपिक आणि बायकांचा गट

मोठे काका: बघा रे, पॅरिस ऑलिंपिकमधली ती बॉक्सर इमान खलीफ. पुरुष बायकांच्या गटात घुसून गोल्ड घेऊन गेला 😡 सगळीकडे पाठवा

धाकटी: काका ती ट्रान्सजेंडर, म्हणजे मुलगा म्हणून जन्मून नंतर बाई झालेली, नाहीये हो!! मुलगी म्हणूनच जन्मली, मुलगी म्हणूनच वाढली, पासपोर्टवर पण बाईच. ती बाईच आहे का या टेस्टवरून वाद आहे तो वेगळा

मोठे काका: मग बायकांचा गट वेगळा ठेवताच कशाला, सगळ्यांना एकत्र पळवा

आत्या: गट लागतोच रे. १०० मीटरला बोल्टचे ९.५८ आणि बायकांचा रेकॉर्ड १०.४९, म्हणजे जगातली सगळ्यात फास्ट बाई पुरुषांच्या ऑलिंपिक सेमीला पण पोचणार नाही. हा फरक वयात येताना पडतो, टेस्टोस्टेरॉन वाढला की उंची, हाडं, स्नायू, हिमोग्लोबिन सगळंच वाढतं आणि नंतर औषधं घेऊन हार्मोन खाली आणला तरी हाडं काही आखूड होत नाहीत

दादा: तेच तर. अमेरिकन एअर फोर्समधल्या ट्रान्स महिलांचा अभ्यास आला होता, दोन वर्षं हार्मोन घेतल्यावर पुशअप्समधला फरक गेला पण पळण्यात त्या बाकी बायकांच्या १२ टक्के पुढेच. म्हणून तर स्विमिंगवाल्यांनी २०२२ ला आणि अ‍ॅथलेटिक्सवाल्यांनी २०२३ ला, जे मुलगा म्हणून वयात आले त्यांना बायकांच्या गटातून बाहेर ठेवलं

वहिनी: त्या एअर फोर्सवाल्या कुठे टॉपच्या खेळाडू होत्या? आणि ट्रान्स वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड टोकियो ऑलिंपिकला गेली तर वजन उचलायचे तिन्ही स्नॅच फेल

दादा: अगं ती ४३ ची होती. एक जण हरली म्हणून अ‍ॅडव्हान्टेज नव्हताच असं कसं. ट्रान्स स्विमर लिया थॉमस अमेरिकन कॉलेजांच्या मीटला ५०० यार्डला पहिली आणि त्याच मीटला १०० ला आठवी, ज्याला जे हवं ते तो उचलतो

आत्या: दादाचा मुद्दा मला पटतो, पळणं पोहणं यात तरी. पण राग निघतो कोणावर ते बघा ना. आपली धावपटू शांती सौंदराजन, २००६ ला दोहा एशियाडमध्ये ८०० ला सिल्व्हर, टेस्ट केली आणि मेडल काढून घेतलं, सगळ्या पेपरात बोभाटा. ती ट्रान्स नव्हतीच. धावपटू द्युती चंदला २०१४ ला कॉमनवेल्थच्या तोंडावर टीममधून काढलं कारण काय तर टेस्टोस्टेरॉन जास्त, ती खेळांच्या लवादाकडे लढली, २०१५ ला टेस्टोस्टेरॉनचा नियम स्थगित झाला आणि रिओला पळाली पण. कुणाचा आवाज जाड, कुणाचे खांदे रुंद, की झाला संशय सुरू, आणि तपासतात फक्त बायकांनाच

मोठे काका: मग सरसकट सगळ्यांची टेस्ट करा, विषय संपला

आत्या: झालीये ना सुरू. २०२५ पासून अ‍ॅथलेटिक्समध्ये बायकांच्या गटासाठी जीन टेस्ट, गालाच्या आतून स्वॅब, आयुष्यात एकदाच. पण विषय नाही संपत रे. १९६८ पासून तीस वर्षं ऑलिंपिकला क्रोमोसोम तपासत होतेच. स्पेनची हर्डल्स पळणारी मारिया पतिन्यो १९८५ ला तसल्याच टेस्टमध्ये अडकली, क्रोमोसोम पुरुषांसारखे एक्सवाय पण शरीराला टेस्टोस्टेरॉनचा काही उपयोगच होत नव्हता. तीन वर्षं लढून परत आली, तोवर करिअर गेलं. आता तिच्यासारख्यांना सूट आहे म्हणा, पण ते सिद्ध करायला परत डॉक्टर, परत तपासण्या

वहिनी: म्हणजे स्वॅब एकदाच, हेलपाटे दहा

मोठे काका: बरं मग ट्रान्सवाल्यांसाठी ओपन गट काढा. कोणाचंच नुकसान नाही

धाकटी: काढला होता काका, २०२३ ला बर्लिनला स्विमिंग वर्ल्ड कपमध्ये. एकही एन्ट्री आली नाही

मोठे काका: एकही नाही? का बरं

वहिनी: कोण देईल काका, नाव दिलं की दुसऱ्या दिवशी फोटोसकट जगभर, आणि खाली हजार लोकांच्या शिव्या

दादा: वर्ल्ड लेव्हलला बंदी मला मान्य आहे, पण रविवारी क्लबात पोहणारीला पण काही ठिकाणी तोच नियम लावतात ते नाही पटत, तिथे कुठे मेडल आहे

आत्या: आणि वयात यायच्या आधीच्या पोरींना तर हा नियम नकोच. तिथे फरक असतो कितीसा