गच्चीवर बिगफूटचा फाउंड फुटेज सिनेमा: रात्रीच्या सीनमध्ये नुसता काळा ठोकळा दिसतो

गच्चीवाला_गंगापूररोड:
येत्या शनिवारी आठ-दहा जण मिळून गच्चीवर सिनेमा लावतोय. बिगफूट (अमेरिकेच्या जंगलात असतो म्हणतात तो माणसासारखा केसाळ प्राणी) शोधायला जंगलात गेलेली पोरं आणि त्यांनीच हँडीकॅमवर काढल्यासारखं दाखवलेलं सगळं, म्हणून फाउंड फुटेज, साधारण 80 मिनिटांचा. प्रोजेक्टरचा उजेड खरा 200 एएनएसआय ल्युमेन (डब्यावर काय छापलंय ते सोडा), लॅपटॉप एचडीएमआयने जोडलेला, आवाज ब्लूटूथ स्पीकरवर, पडदा म्हणून 100 इंच होईल अशी पांढरी चादर. लावून बघितलं तर रात्रीच्या सीनमध्ये झाडं-माणसं सगळं एकच काळं, आणि ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. दोघींना हलत्या कॅमेऱ्याने मळमळतं तो प्रश्न वेगळाच. नवीन काही विकत न घेता काय सुधारेल?

काळा_रंग:
आधी लॅपटॉप बघा, प्रोजेक्टरला नंतर शिव्या द्या. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना आकडे असतात. लॅपटॉप फुल रेंज म्हणजे 0 ते 255 पाठवत असेल आणि प्रोजेक्टर लिमिटेड म्हणजे 16 ते 235 धरून बसला असेल, तर 16 च्या खालचं सगळं सपाट काळं होतं. बाकीच्या सिनेमांत हे खपून जातं. या सिनेमात तो प्राणी त्या तेवढ्याच छटांमध्ये उभा असतो, त्यामुळे नेमका तोच गायब. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली रेंजचा पर्याय सापडेल. रात्रीच्या एखाद्या सीनवर पॉज करा, लिमिटेड-फुल बदलून बघा. झुडपाच्या कडा दिसायला लागल्या की जमलं. काळ्याचा राखाडी झाला तर उलटं करा.

दुसरं म्हणजे 100 इंचांचा मोह सोडा. 100 इंची पडदा सुमारे 221 बाय 125 सेंटीमीटरचा होतो, 70 इंची 155 बाय 87 चा. क्षेत्रफळ निम्म्यावर येतं, म्हणजे त्याच 200 ल्युमेनमध्ये उजेड दुप्पट. चादर पातळ असेल तर बराच उजेड मागेच निघून जातो. मागून आणखी एक पांढरी चादर लावा, आणि तिच्यामागे जाड काळं कापड. चादरीच्या खालच्या शिवणीत पीव्हीसी पाइप सरकवा, नाहीतर वाऱ्याने पडदाच थरथरतो आणि कॅमेरा कुठला हलतोय तेच कळत नाही.

प्रोजेक्टरमधली चित्र आपोआप 'सुधारणारी' सेटिंग, म्हणजे नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, मोशन स्मूदिंग, तिन्ही बंद. हँडीकॅमचा खरखरीत दाणा हा मुद्दाम ठेवलेला असतो. तो पुसला की चित्र मेणासारखं गुळगुळीत होतं आणि दोन हजार रुपयांचा केसाळ सूट लगेच ओळखू येतो. स्ट्रीमिंग करणार असाल तर ऑटो क्वालिटीवर ठेवू नका. नेट मंदावलं की अंधारातच सगळ्यात आधी चौकोन पडतात. आधीच डाउनलोड करून ठेवलेलं बरं.

कानसेन_नाशिक:
आवाजाचं सोपं आहे भो, 3.5 मिमीची ऑक्स केबल लावा. ब्लूटूथमध्ये 100 ते 300 मिलिसेकंद मागे पडणं नेहमीचंच. केबल नसेलच तर व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं J बटण दाबा, दर दाबाला आवाज 50 मिलिसेकंद पुढे येतो. ओटीटीच्या ॲपमध्ये ही सोय सहसा नसते.

कमी बजेटच्या सिनेमात कुजबुज ऐकू येत नाही आणि किंकाळीला शेजारी खिडकी उघडतात. व्हीएलसीत टूल्स, मग इफेक्ट्स अँड फिल्टर्स, तिथे कंप्रेसर चालू करा, तो बारीक आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करतो. पण हलकाच ठेवा, जास्त दाबला तर दचकवणारी जागाच मरते. लहान स्पीकर 80-100 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही देत नाही, आणि लाकडावरचे ठोके, लांबून येणारी पावलं तिथेच असतात. म्हणून स्पीकर टेबलावर मधोमध ठेवण्यापेक्षा पडद्याखाली, कठड्याच्या कोपऱ्यात ठेवा. दोन भिंतींमुळे खर्ज वाढतो.

रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर नियमाने बंद, हे धरूनच वेळ ठरवा. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, सव्वासातला पुरेसा अंधार. पावणेआठला सुरू केलंत तर सव्वानऊच्या आत संपेल. आणि तंबूच्या सीनच्या आधी चिवडा फिरवू नका. तंबूबाहेर काय चाललंय ते फक्त कानाने कळायचं असतं, तिथे दहा जणांची कुरकुर म्हणजे सीनचं वाटोळं.

मागची_रांग:
मळमळ होते कारण डोळे सांगतात आपण पळतोय आणि कानाच्या आतला तोल सांगतो आपण बसलोय. पडदा नजरेत जितका मोठा, तितका त्रास जास्त. 70 इंची पडद्यापासून 2 मीटरवर बसलं तर तो सुमारे 42 अंश व्यापतो, साडेतीन मीटरवर 25. त्या दोघींना मागे आणि मधोमध बसवा. पडद्यामागे मंद दिवा ठेवलात तर कठडा नजरेत राहतो, डोळ्यांना एक स्थिर टेकू मिळतो. पळापळ बहुतेक शेवटच्या वीस मिनिटांत असते. तेव्हा पडद्याच्या कडेकडे बघायचं. उपाशी नको, मिसळ चापूनही नको.

पाऊलखुणा:
सेटिंग झालं की सिनेमाआधी 1967 ची मूळ फिल्म दाखवा, एक मिनिट लागेल. कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला पॅटरसन आणि गिमलिन यांनी टिपलेला केसाळ प्राणी, 16 मिमीच्या फिल्मवर. या प्रकारातले दिग्दर्शक तिथूनच उचलतात: प्राणी लांब, पाठमोरा, आणि चालता चालता मागे वळून एकदाच बघणारा. ती वळलेली फ्रेम 352 नंबरची. फिल्ममध्ये 954 फ्रेम आहेत. सेकंदाला 16 ने चालवल्या तर जवळपास मिनिटभर, 24 ने चालवल्या तर 40 सेकंद. कॅमेऱ्याचा वेग नक्की किती होता यावरच चाल माणसाची की जनावराची हा वाद अडकलाय. त्याच भागात 1958 मध्ये सापडलेल्या पावलांवरून 'बिगफूट' हे नाव पेपरात आलं, आणि 2002 मध्ये तिथला कंत्राटदार रे वॉलेस वारल्यावर घरच्यांनी, ठसे त्यानेच उमटवले होते असं सांगत, त्याची लाकडी पावलं दाखवली. हे मात्र सिनेमा संपल्यावर सांगा, आधी सांगितलंत तर कोणी घाबरणार नाही.

गच्चीवाला_गंगापूररोड:
रेंज बदलली, झुडपं दिसली! केबलही मिळाली. आता थंडीचं काय, प्रोजेक्टर उघड्यावर चालेल ना?

काळा_रंग:
चालेल, पण द्राक्षवाले ज्या दवाला घाबरतात ते लेन्सवरही बसतं. चालू असेपर्यंत तो स्वतःच गरम असतो, काही होत नाही. बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत वायर काढू नका, मग लगेच पिशवीत घालून खाली न्या. वर छत्री धरायची असेल तर बाजूच्या जाळ्या झाकू नका.