मदत हवी आहे : दोन मोटारसायकलींच्या ट्रेलरला पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंगा) कोणते बसवावेत?

डर्ट ट्रॅकवर सरावासाठी दोन हिमालयन 411 मोटारसायकली नेता याव्यात म्हणून बोलेरोमागे ओढायचा एक-एक्सल ट्रेलर मी कोल्हापुरातील ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे बनवत आहे. प्रत्येक गाडी सुमारे 200 किलोची आणि सांगाडा तेवढाच, म्हणजे एकूण भार 600 किलोंच्या आसपास जातो. हुकपासून एक्सल 240 सेंमी अंतरावर आहे व भाराचा मध्य एक्सलच्या 30 सेंमी पुढे येतो. त्यामुळे हुकवर सुमारे 75 किलो, म्हणजे साडेबारा टक्के भार पडतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलत नाही.

अडचण पाट्यांची आहे. जुन्या व्हॅनचे चार पानी पाटे भरलेल्या ट्रेलरला ठीक वाटतात, पण रिकामा ट्रेलर शेतातल्या खासगी रस्त्यावर अक्षरशः उड्या मारतो. एक पान काढले, तर दोन्ही गाड्या चढवल्यावर खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो, आणि पानाच्या टोकाशी रबरावर चकचकीत काळा पट्टा उमटतो. टायरची हवा कमी करून पाहिली, फारसा फरक पडला नाही. (ट्रेलर हेही कायद्याने मोटार वाहनच असल्याने नोंदणीची चौकशी वेगळी चालू आहे, तोवर तो सार्वजनिक रस्त्यावर नेणार नाही.)

एक्सल आणि 12 इंची चाके बदलायची नाहीत. अशा वेळी तीन पाने ठेवून शॉक अ‍ॅब्सॉर्बर व रबरी बफर जोडावेत, की चारही पाने ठेवून केवळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले तरी रिकाम्या ट्रेलरच्या उड्या थांबतील?