भातसा जवळच आहे की!
धरणाजवळ भूकंपमापक यंत्रं कधी बसवायची, यावर "आधी धरण भरू द्या, हादरे बसले तर यंत्रं लावू," असं कुणी म्हणतं, ते पटलं नाही. आम्ही ठाणेकर ज्या भातसा धरणाचं पाणी पितो, तिथेच १९८३ मध्ये जलाशय भरत असताना हादऱ्यांची मालिका झाली होती. आधीची नोंदच नसेल तर हादरे पाण्यामुळे वाढले की पूर्वीपासूनच होते, हे सांगणार कसं?

शिवाय एका यंत्रावर भागत नाही. भूकंपाच्या प्राथमिक (आधी पोचणाऱ्या) आणि दुय्यम (मागून येणाऱ्या) लहरी यंत्रापर्यंत पोचण्यात एका सेकंदाचा फरक म्हणजे हादरा ढोबळमानाने ८ किलोमीटरवर. पण हे झालं नुसतं अंतर. जागा ठरवायला निदान तीन ठिकाणच्या नोंदी हव्यात, आणि खोली नीट कळायला एखादं यंत्र अगदी केंद्रबिंदूजवळ (हादरा जिथे झाला त्याच्या वरच्या जमिनीवर). (तेही खडी फोडणारे क्रशर, खाणीतले सुरुंग यांच्या कंपनांपासून लांब!) कोयना धरणात १९६२ ला पाणी साठू लागलं, मोठा भूकंप झाला डिसेंबर १९६७ मध्ये. तेव्हा पहिला पावसाळा शांत गेला म्हणून यंत्रं उचलू नका.