मदत हवी आहे: स्लिम लिथियम बॅटरी परवडते का? (सांगली)

कृष्णाकाठ: इन्व्हर्टरची ट्युब्युलर (पाणी घालायची) बॅटरी खराब झाली, उद्या नवीन घ्यायचीच आहे. दुकानदार भिंतीला लावायची स्लिम लिथियम १०० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) ३८ हजार म्हणतोय, ट्युब्युलर १५० एएच १७ हजारात बसते. पॅसेजमध्ये ट्रॉली सारखी पायात येते म्हणून स्लिम बरी वाटते. घेऊ का नको लवकर सांगा.

मिरज_वायरमन: इन्व्हर्टर कुठला? लोड किती?

तासगावकर: ट्युब्युलरच घ्या दादा, आमची द्राक्षाच्या शेडवरची अजून चालतीय, पाणी घालत राहायचं बस. लिथियमचं बीएमएस (आतलं संरक्षण सर्किट) गेलं तर गावात कोण उघडणार?

मिरज_वायरमन: पाणी घालतंय कोण सगळीकडं? आणि १५० एएच म्हणजे १८०० वॅट-अवर, पण रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर बसते. लिथियम १२८० चीच, पण नव्वद टक्के वापरता येते. म्हणजे बॅकअप लिथियमचाच थोडा जास्त.

खणभाग: लिथियम उंच लावता येते हे बघा. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतले तळमजल्यावरचे इन्व्हर्टर बॅटरीसकट गेले.

कृष्णाकाठ: मी तिसऱ्या मजल्यावर विश्रामबागला आहे हो. लोड म्हणजे दोन पंखे, ट्यूब आणि बाबांचं ऑक्सिजन मशीन.

सूर्यपुत्र: सरळ सोलर बसवा, सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे.

मिरज_वायरमन: सूर्यपुत्र, साधं ऑनग्रिड (बॅटरीशिवाय लाईनला जोडलेलं) सोलर लाईट गेली की बंद पडतं, त्यांना काय उपयोग? कृष्णाकाठ, ऑक्सिजन मशीनचं आधी सांगायचं ना! मागच्या पट्टीवर वॅट किती? इन्व्हर्टर साइनवेव्ह (घरच्या लाईटसारखी सलग लाट देणारा) आहे का?

कृष्णाकाठ: ३५० वॅट. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअरवेव्ह असावा, पंखे घूं घूं आवाज करतात त्याच्यावर.

मिरज_वायरमन: मग बॅटरी राहू दे, आधी इन्व्हर्टर बदला. स्क्वेअरवेव्हवर कॉम्प्रेसर तापतो. शिवाय जुन्या चार्जरचं व्होल्टेज १४.६ च्या वर गेलं तर लिथियमचं बीएमएस कट मारतं. साइनवेव्ह आणि लिथियम मोडवालाच घ्या. त्या लिथियमवर नुसतं मशीन चालवलं तर पावणेतीन तास धरा, पंखे लावले की दोनच्या आसपास. ऑक्सिजनचा एक भरलेला सिलेंडर घरात पाहिजेच.

तासगावकर: हे मात्र बरोबर. पण इन्व्हर्टर धरून बजेट कुठं गेलं बघा.

कृष्णाकाठ: बजेट बघतो कसंतरी. सिलेंडर आजच आणतो. भिंत अर्ध्या विटेच्या जाडीचीच आहे, वजन पेलेल का?

मिरज_वायरमन: बारा-तेरा किलो असते, ट्युब्युलर पन्नासच्या पुढं. भिंतीचा फोटो टाका.